उसाचा उडून जाणारा तिसरा हिस्सा

निपाणी सोडून चिकोडीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि साखर कारखाना जवळ आल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं. मळीचा तो गोडसर, आंबूस वास सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. माझे एक मामा अशाच एका कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होते. मी शाळेत असताना एकदा त्यांनी मला आंबवण्याच्या टाक्या दाखवायला नेलं. टाकी घरापेक्षा उंच. लोखंडी जिना चढून वर गेलो तर काळपट पाकावर फेस उसळत होता, जणू खाली कुणी जाळ लावलाय. पण टाकीच्या पत्र्याला हात लावला तर तो जेमतेम कोमट.

"मामा, हे उकळतंय?"

"उकळत नाही रे, जिवंत आहे ते. यीस्ट साखर खातंय आणि वारा सोडतंय." मी वाकून बघायला गेलो तसा त्यांनी दंड धरून मागं ओढलं. "तोंड घालू नकोस. तो वारा छातीत गेला तर जागेवर पडशील."

तो वारा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. गोटी सोड्याच्या बाटलीत फसफसणारा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूचे कोर घट्ट करायला सिलिंडरातून विकत आणला जाणारा. वेल्डिंगवालेही तो विकत घेतात. आणि इथं तो टाकीच्या तोंडातून फुकट वर जात होता.

किती जात होता, याचा हिशेब फार पुढं, कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना लागला. ग्लुकोज या साध्या साखरेच्या एका रेणूत कार्बनचे 6 अणू असतात. यीस्ट त्यातले 4 अल्कोहोलमध्ये ठेवतं आणि 2 कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातात. वजनात बोलायचं तर 180 किलो साखरेतून 92 किलो अल्कोहोल आणि 88 किलो वायू. अडसाली ऊस रानात पंधरा-अठरा महिने उभा राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड पानापानांतून ओढून घेतो. आणि त्या हवेत तो असतो किती? शंभरात सुमारे 0.04 भाग. इतक्या विरळ हवेतून वेचून गोळा केलेल्या कार्बनचा तिसरा हिस्सा डिस्टिलरीत दोन-अडीच दिवसांत परत आभाळात जातो.

तो धरून त्याचं काही करता येईल का? करता येतं. आणि ते ज्या धातूंच्या जोरावर होतं, त्यांतले बहुतेक सराफाच्या तिजोरीत नसून आपल्या स्वयंपाकघरात, भंगारवाल्याच्या हातगाडीवर आणि गोबरगॅसच्या टाकीत आहेत.

राखेचं पुन्हा लाकूड

कार्बन डायऑक्साइड इतका हट्टी का, हे आधी समजून घेऊ. कोळसा जळतो तेव्हा कार्बन ऑक्सिजनला भेटतो आणि उष्णता बाहेर पडते. एक किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे 33 मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवर मोजली तर नऊ युनिटं. कार्बन डायऑक्साइड ही त्या जळण्याची राख आहे, फक्त ती वायुरूप आहे. चुलीतल्या राखेला काडी लावली तर ती पेटत नाही, कारण तिच्यातलं द्यायचं ते देऊन झालेलं असतं. या वायूचंही तसंच आहे. मधे एक कार्बन, दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, सरळ रेषेत, दोन्हीकडून दुहेरी बंधांनी आवळलेले. याच गुणामुळं तो आग विझवायच्या नळकांड्यात भरतात.

त्याचं पुन्हा इंधन किंवा रसायन करायचं तर दोन गोष्टी लागतात. एक, जळताना बाहेर पडलेली ऊर्जा परत आत घालायची. त्यातून सुटका नाही. दुसरी, कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन सोडवायला कुणीतरी घेणारा हवा. तो घेणारा म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजन ऑक्सिजनला घेऊन पाणी होतो आणि उरलेला कार्बनला जाऊन चिकटतो.

मग कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन एका टाकीत कोंडले की झालं? नाही. वर्षभर कोंडून ठेवले तरी ते एकमेकांकडं बघतही नाहीत.

तवंदीचा घाट

निपाणीहून संकेश्वरला जायचं तर मधे तवंदीचा घाट लागतो. आज महामार्गावरून गाडी तो सहज चढते. पण रस्ता नसताना बैलगाडीचं काय होत असेल, याचा विचार करा. निपाणी आहे तिथंच आहे, संकेश्वर आहे तिथंच आहे, दोन्ही गावांची उंचीही होती तेवढीच आहे. बदलला तो मधला रस्ता. डोंगर फोडून, वळणं देऊन कुणीतरी तो चढ सोपा केला.

रसायनशास्त्रात हे काम करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. तो क्रियेची सुरुवात बदलत नाही, शेवटही बदलत नाही. मधला चढ कमी करतो आणि स्वतः शेवटी जसाच्या तसा उरतो, पुढच्या गाडीसाठी. एक गोष्ट मात्र इथं पक्की ध्यानात ठेवावी लागते, कारण वर्तमानपत्रांतल्या बातम्यांमध्ये ती बऱ्याचदा निसटते. चांगला उत्प्रेरक मिळाला म्हणून ऊर्जा फुकट मिळत नाही. घाटाचा रस्ता कितीही चांगला झाला तरी खालच्या गावातून वरच्या गावात जायला डिझेल लागतंच.

हा रस्ता बांधण्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रुथेनियम, ऱ्होडियम, इरिडियम या राजधातूंचं नाव मोठं. सोनं-चांदीही त्यांच्याच पंगतीतले. ते गंजत नाहीत, सहजी कुणाशी संयोग पावत नाहीत, आणि अनेक क्रिया अलगद घडवून आणतात. अडचण त्यांच्या दुर्मीळपणाची आहे. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे पाच टक्के लोखंड आहे, टनामागं साठेक ग्रॅम तांबं आहे, आणि सोनं टनामागं चारेक मिलिग्रॅम. जगभरात खाणींतून वर्षाला तांबं दोन कोटी टनांहून जास्त निघतं, इरिडियम दहा टनांच्याही आत. कारखान्यांच्या धुरांड्यांतून अब्जावधी टनांनी निघणाऱ्या वायूवर प्रक्रिया करायची आणि त्यासाठी लागणारा धातू वर्षाकाठी एका ट्रकात मावायचा, हे जुळणारं गणित नाही. म्हणून साऱ्या जगाच्या प्रयोगशाळा तांबं, कथील, जस्त, निकेल, लोखंड, कोबाल्ट यांच्यामागं लागल्या आहेत.

मोळी किती घट्ट धरायची

उसाच्या फडात ट्रॉली भरताना पाहिलंय? खालचा मोळी उचलतो, फळीवर चढणारा ती घेतो, वरचा ती रचतो. मधल्या माणसाची पकड सैल असेल तर मोळी सुटून पायावर पडते. पण त्यानं ती कवटाळूनच धरली आणि वरच्याला दिलीच नाही, तर सगळी साखळी तिथं तटते. चांगला मधला माणूस बेताचं धरतो आणि वेळेला सोडतो.

धातूचा पृष्ठभाग हा असा मधला माणूस आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्यावर येऊन टेकतो, त्याची सरळ रेषा थोडी वाकते, बंध सैल होतात, शेजारी टेकलेला हायड्रोजन त्याच्यात शिरतो, आणि तयार झालेला माल निघून जातो. पकड सैल असली तर रेणू टेकतच नाही. पकड फार घट्ट असली तर तो सुटत नाही, जागा अडते. पोल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ओळखलं. त्यानं आणि त्याचा सहकारी साँदरँ यानं 1902 मध्ये निकेलच्या बारीक भुकटीवरून गरम कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन नेले आणि पलीकडे मिथेन निघाला, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा भाग. 1912 चं रसायनशास्त्राचं नोबेल साबातिएला विभागून मिळालं. म्हणजे या कामातला पहिला मोठा विजय राजधातूचा नव्हता, निकेलचा होता.

कल्हईवाला आणि चिबाची प्रयोगशाळा

हे धरण्या-सोडण्याचं प्रकरण जवळून बघायचं तर मला आमच्या गल्लीत येणारा कल्हईवाला आठवतो. "भांड्यांना कल्हईऽऽ" अशी हाळी आली की आजी फडताळातली तांब्या-पितळेची पातेली बाहेर काढायची. तो जमिनीत छोटा खड्डा करून कोळसा पेटवायचा, भाता चालवायचा. वाळूनं घासलेलं भांडं निखाऱ्यावर फिरवत तापवायचं, मग चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठून नाकात झोंबायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती लोण्यासारखी विरघळायची आणि कापसाच्या बोळ्यानं तो ती सरसर पसरवायचा. तांबूस भांडं डोळ्यांदेखत चंदेरी व्हायचं. पाण्यात बुडवलं की चर्र.

त्या नवसागराचं काम तेव्हा कळलं नव्हतं. तापल्यावर तो फुटतो आणि त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरची काळी जळकट साय खाऊन टाकतं. उघडा, स्वच्छ धातू मिळाल्याशिवाय कथील धरत नाही. उत्प्रेरक बनवणाऱ्या माणसाचंही निम्मं आयुष्य हेच करण्यात जातं. कारण जे काही घडतं ते पृष्ठभागावरच्या अणूंच्या एका थरात. आतल्या धातूला त्याची खबरही नसते.

आता तसंच एक कल्हई न केलेलं तांब्याचं पातेलं आणि एक कल्हई केलेलं डोळ्यांसमोर ठेवा. जपानमध्ये टोकियोजवळच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी 1980च्या दशकात याच्याच जवळपास जाणारा प्रयोग करत होते. खायच्या सोड्याच्या जातीचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, एकेका धातूची पट्टी बुडवून तिला विजेचं ऋण टोक जोडायचं आणि काय तयार होतं ते मोजायचं. भट्टी नाही, दाब नाही. हायड्रोजन वेगळा आणायचा नाही, तो पाण्यातूनच येतो.

1985 मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातून धातूंचे स्वभाव उघडे पडले. कथलावर मुख्यतः फॉर्मिक आम्लाचा क्षार बनला. हे तेच आम्ल, जे लाल मुंगी चावल्यावर आग करतं. रबराचा चीक गोठवायला आणि चामडं कमावायला ते लागतं. चांदी-सोन्याच्या पट्टीवर कार्बन मोनॉक्साइड निघाला आणि साध्या जस्तावरही तोच. हा वायू विषारी, पण रसायन कारखान्यांच्या दृष्टीनं मोलाचा कच्चा माल. आणि तांब्यावर मिथेन! थोड्याच काळात तांब्यावर इथिलीनही सापडलं, ज्यापासून पॉलिथिनच्या पिशव्या बनतात आणि जे पिकत्या आंब्यातूनही बाहेर पडतं. पुढं 2012 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बारकाईनं मोजलं तर एकट्या तांब्यावर 16 वेगवेगळे पदार्थ मिळाले.

असं का व्हावं? पकडीवरून. कथील रेणूला कार्बनच्या बाजूनं धरत नाही, ऑक्सिजनच्या बाजूनं धरतं. त्यामुळं उघड्या राहिलेल्या कार्बनला हायड्रोजन चिकटतो आणि फॉर्मेट तयार होऊन निघून जातं. जस्त आणि चांदी रेणूतला एक ऑक्सिजन काढून टाकतात आणि उरलेला कार्बन मोनॉक्साइड लगेच सोडून देतात, त्यांची पकड सैल. लोखंड, निकेल आणि राजधातूंचा राजा प्लॅटिनम त्याच कार्बन मोनॉक्साइडला इतकं कवटाळतात की सगळी जागा तटते. वीज मग पाण्यातून नुसता हायड्रोजन काढण्यात खर्च होते. तांबं तेवढं बेताचं धरतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच्यावर इतका वेळ थांबतो की त्याला हायड्रोजन जोडला जातो, आणि कधी शेजारच्या दुसऱ्या कार्बनशी त्याची गाठ पडते. दोन कार्बन जोडले गेले की इथिलीन आणि इथेनॉलपर्यंत वाट उघडते. शुद्ध धातूंमध्ये हे इतक्या प्रमाणात करणारं तांबं एकटंच आहे.

> चौकट: साध्या तापमानाला, पाण्यात, विजेच्या जोरावर कोणता धातू काय देतो
> कथील, शिसं, बिस्मथ: फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक आम्लाचा क्षार.
> जस्त, आणि राजधातूंपैकी चांदी व सोनं: कार्बन मोनॉक्साइड.
> तांबं: मिथेन, इथिलीन, इथेनॉल आणि आणखी बरंच काही, सगळं मिसळून.
> लोखंड, निकेल, प्लॅटिनम: जवळजवळ नुसताच हायड्रोजन.

तांब्याचा हा गुण आहे तसा दोषही. सोळा पदार्थांची खिचडी विकत कोण घेणार? ते वेगळे करण्यातच पैसा जातो. म्हणून "एकच माल दे" असं तांब्याला शिकवण्याचे प्रयत्न चालले आहेत, आणि त्यात कल्हईची गोष्ट पुन्हा येते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांवर कथलाच्या ऑक्साइडचा थर चढवला होता. थर 0.8 नॅनोमीटर जाडीचा असताना जवळजवळ सगळा कार्बन मोनॉक्साइड निघाला. जाडी 1.8 नॅनोमीटर केली की माल बदलला, फॉर्मेट मिळायला लागलं. आपला केस ऐंशी हजार-एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या एका नॅनोमीटरच्या फरकाचा अंदाज करा. पातळ थरातून खालच्या तांब्याचा स्वभाव वर जाणवतो, जाड थराखाली तो झाकला जातो. आजी कल्हईवाल्याला "हात आखडू नकोस, जाड लाव" म्हणायची, ते पातेलं जास्त दिवस टिकावं म्हणून. इथं जाड-पातळावर पदार्थच बदलतो.

गोबरगॅसच्या टाकीतलं निकेल

निकेल गार पाण्यात नापास झालं, मग साबातिएच्या हातात ते कसं चाललं? उष्णतेमुळं. तीनेकशे अंशांना कार्बन मोनॉक्साइड निकेलला चिकटून बसू शकत नाही, हायड्रोजन त्याला गाठतो आणि मिथेन होऊन तो सुटतो. थिजलेलं तूप वाटीला धरून बसतं, तापवलं की ओघळतं, तसंच.

पण निसर्गानं हेच काम भट्टीशिवाय साधलंय, आणि तेही आपल्या परड्यात. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजतं तेव्हा शेवटच्या टप्प्यावर मिथेन बनवणारे सूक्ष्म जीव काम करतात. त्यांतले काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात, काही ॲसेटिक आम्लापासून. वाट कोणतीही असो, शेवटची पायरी ज्या विकरावर पार पडते त्याच्या गाभ्यात निकेलचा एक अणू बसवलेला असतो. सोनं नाही, प्लॅटिनम नाही. त्या अणूभोवती प्रथिनानं असं कोंदण घडवलंय की साध्या उबेत तो बेताचं धरतो आणि सोडतो. प्लॅटिनम महाग म्हणून निकेलकडं वळावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर पाहावं. सूक्ष्म जीवांनी अब्जावधी वर्षं निकेल, लोखंड असलेच धातू वापरले. संशोधकही आता धातूचा एकेक अणू कार्बन-नायट्रोजनच्या जाळीत बसवून बघतात, आणि तसा एकटा बसवलेला निकेल पाण्यात हायड्रोजन काढायचं सोडून कार्बन मोनॉक्साइड द्यायला लागतो. धातू तोच. शेजार बदलला की स्वभाव बदलतो.

पापडाची पिठी

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत खऱ्या अर्थानं पोचलेला माल म्हणजे मिथेनॉल. प्लायवूडचा डिंक, रंग, औषधं, बायोडिझेल, कितीतरी ठिकाणी ते लागतं. (अल्कोहोलच्या कुळातलं असलं तरी ते विष आहे, विषारी दारूच्या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा तेच असतं.) 1923 मध्ये जर्मनीत बीएएसएफनं ते जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर बनवलं, पण दाब हवेच्या दाबाच्या काहीशे पट लागायचा. 1960च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं तांबं, जस्ताचं ऑक्साइड आणि अल्युमिना यांचं मिश्रण वापरून तो दाब 50 ते 100 पटींवर आणला. आज जगातलं बहुतेक मिथेनॉल याच त्रिकुटावर बनतं.

तिघांची कामं वेगळी आहेत. तांब्याचे कण जितके बारीक, तितकी टेकायला जागा जास्त. या पुडीच्या एका ग्रॅमला मिळणारा पृष्ठभाग दोन खोल्यांच्या घराच्या जमिनीएवढा भरू शकतो. पण अडीचशे अंशांच्या उष्णतेत हे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ बघतात. लाटलेले पापड एकावर एक ठेवताना मधे पिठी भुरभुरावी लागते, नाहीतर सगळ्यांचा एक गोळा होतो. जस्ताचं ऑक्साइड आणि अल्युमिना ही ती पिठी. जस्ताचं ऑक्साइड याहून जास्तही काही करतं, ते तांब्याच्या काठाशी बसून कार्बन डायऑक्साइडला पकडायला मदत करतं. आणि अल्युमिना आमच्या बेळगावकरांना परका नाही. यमनापूरच्या हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून तोच पांढरा पदार्थ वर्षानुवर्षं बनतोय.

हे त्रिकूट मुळात कार्बन मोनॉक्साइड जास्त असलेल्या वायूसाठी घडवलेलं. नुसता कार्बन डायऑक्साइड दिला की मिथेनॉलबरोबर पाणीही बनतं, आणि पाण्याच्या वाफेनं तांब्याचे कण लवकर चिकटून मोठे होतात. तरी मार्ग निघाले. आइसलंडमध्ये जमिनीखालच्या वाफेबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड धरून 2012 पासून मिथेनॉल बनवलं गेलं, पुढं वर्षाला 4,000 टनांच्या क्षमतेपर्यंत. 2022 मध्ये चीनच्या आन्यांग इथं 1 लाख 10 हजार टनांचा प्रकल्प सुरू झाला, त्यातला कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या भट्ट्यांमधून येतो. भारतात एनटीपीसीनं विंध्याचलच्या वीजकेंद्रात धुरातून दिवसाला 20 टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याची सोय उभी केली, तीही मिथेनॉल डोळ्यांसमोर ठेवूनच.

संशोधनाची ठाणी आपल्यापासून लांब नाहीत. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 2022 मध्ये कार्बन पकडून वापरण्यासाठी दोन राष्ट्रीय केंद्रं जाहीर केली, एक मुंबईच्या आयआयटीत आणि दुसरं बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून आहे आणि उत्प्रेरक हा तिचा जुना, मानाचा विषय. निपाणीवरून जाणारा महामार्ग धरला तर एका टोकाला पुणे-मुंबई, दुसऱ्या टोकाला बेंगळुरू. कोल्हापूर जिल्ह्यातून गेलेले प्रा. गणपती यादव, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे पहिले कुलगुरू, यांचंही आयुष्य उत्प्रेरकांच्या अभ्यासात गेलं. त्यांच्या संस्थेनं ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबं आणि क्लोरीनच्या संयुगांचं चक्र फिरवून पाण्यातून हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली. पुन्हा तांबंच. आणि हायड्रोजन हा शब्द इथं फार महत्त्वाचा आहे.

खरा खर्च कुठं आहे

मामांच्या डिस्टिलरीसारखी एक डिस्टिलरी घेऊ, दिवसाला एक लाख लिटर अल्कोहोल काढणारी. तिच्या टाक्यांतून रोज सुमारे 75 टन कार्बन डायऑक्साइड निघेल. बॉयलरच्या धुरात हा वायू नायट्रोजनमध्ये मिसळलेला असतो, बरोबर राख येते. दगडी कोळसा जाळला तर गंधकही येतं, आणि गंधक निकेल-तांब्याला अक्षरशः विष आहे. आंबवण्याच्या टाकीतला वायू मात्र पाण्यानं धुऊन घेतला की जवळजवळ शुद्ध. वेगळा करायचा खर्च फारच थोडा. याबाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे, बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत.

त्या 75 टनांचं मिथेनॉल केलं तर दिवसाला साधारण 55 टन मिळेल. त्यासाठी दहा टनांहून थोडा जास्त हायड्रोजन लागेल. पाण्यातून वीज वापरून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिटं जातात, म्हणजे रोजची सव्वापाच लाख युनिटं. चोवीस तास अखंड 22 मेगावॉट! एखाद्या मोठ्या कारखान्याचा सहवीजनिर्मिती प्रकल्प चिपाड जाळून हंगामात जेवढी वीज बनवतो, जवळजवळ तेवढी सगळी यात जाईल. सौरऊर्जेवर करायचं तर शंभर मेगावॉटच्या वरचा प्रकल्प लागेल, कारण सूर्य रात्री नसतो.

म्हणून मला वाटतं, स्वस्त उत्प्रेरकाचं कौतुक करताना त्याच्या शेजारी विजेचं बिल ठेवायलाच हवं. तांबं आणि निकेल यांनी महागड्या धातूंचा अडसर दूर केला. हायड्रोजन काढणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रातही निकेलचेच पत्रे चालतात, इरिडियमची गरज पडत नाही. विजेचा अडसर अजून आहे. विजेच्या जोरावर थेट पाण्यात काम करणारं तांबं तर टिकण्यातही मागं आहे. भट्टीतला मिथेनॉलचा उत्प्रेरक काही वर्षं चालतो, तर या पट्ट्या काहीशे तासांत मंदावतात, क्षार साचतात, सूक्ष्म छिद्रांत पाणी भरतं. आणि असं बनलेलं इंधन जाळलं की कार्बन परत हवेतच जाणार. तो उसानं हवेतूनच आणलेला असतो, म्हणून चक्र पुरं होतं, इतकाच त्याचा दावा. हवा त्यानं स्वच्छ होते, असं कुणी म्हणू नये.

कारखान्यांनी एकदम मिथेनॉलकडं धावावं असं मी म्हणणार नाही. गोबरगॅसच्या किंवा प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाच्या) गॅसमध्ये तसाही चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. तिथं दुपारच्या फाजील सौर विजेवर काढलेला थोडा हायड्रोजन निकेलवरून नेला तर जळणारा वायू वाढतो, आणि ते लहान प्रमाणावर करून बघता येतं. साखरेच्या तंत्रज्ञानाचं शिक्षण देणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही. कथलाची पट्टी, खायचा सोडा आणि टाकीतला वायू यांवर फॉर्मेट मोजायचा प्रकल्प तिथल्या चांगल्या प्रयोगशाळेत, वायुवीजनाची नीट काळजी घेऊन, पोरांना करता येण्यासारखा आहे.

त्याच्याही आधी वायू धरावा लागेल. धरलेल्याला गिऱ्हाईक आजही आहे: सोड्याचे कारखाने, वेल्डिंगवाले, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या. ज्या कारखान्यांनी टाक्या बंद करून वर पाइप बसवले त्यांच्याकडं पुढचा उत्प्रेरक येईल तेव्हा त्याला द्यायला माल तयार असेल. मी लहानपणी ज्या टाकीपाशी उभा होतो, तिला झाकण नव्हतं.